खापर

कपाट चौदा, खालून तिसरा खण.
चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात:
पाण्याची घागर, अंदाजे अठराशे ऐंशी.
घडवणारी अज्ञात.

रेफूहियाबाई मेसावरून उतरून आल्या,
दीडशे मैल, नातीच्या पिकअपमधून,
मांडीवर कॉफीचा जुना डबा धरून.
मी हातमोजे पुढे केले.
त्यांनी पाहिले त्यांच्याकडे,
जेवायला बसल्यावर कुणी छत्री द्यावी तसे.

नक्षी त्यांनी बघितलीच नाही.
सगळं जग नक्षी बघतं:
पायऱ्यापायऱ्यांचे ढग, तिरपा पाऊस,
पोपटाची वाकडी चोच.
बाईंनी चिमूटभर मक्याचं पीठ काठाशी ठेवलं
(नियमात बसत नाही; मी खिडकीकडे वळले)
आणि कोपरापर्यंत हात आत घातला.
डोळे मिटून आतली भिंत चाचपत राहिल्या,
वळीवर वळी, वाळल्या भोपळ्याच्या तुकड्याने
कुणीतरी घासून घासून पातळ केलेली.
बराच वेळ.

मग म्हणाल्या, "डावखुरी होती.
आणि इथे, खांद्यापाशी, घाई झालीय.
मूल रडलं असेल."

डब्यात होते गेल्या शनिवारचे तुकडे.
बाजाराला दोनच दिवस उरलेले,
शेणाच्या आचेत, राखेखाली
फट्. एवढंच.
खडा राहिला असेल, हवेचा बुडबुडा असेल,
की कुणी मनात वाईट आणलं, व्हर्नामावशी म्हणाली,
आणि अंगणातल्या प्रत्येकाने
आपापल्या मनात डोकावून पाहिलं.
खापर फुटलं होतं.
कुणाच्या डोक्यावर मात्र नाही.

हे तुकडे त्या पाट्यावर दळणार,
चाळणार, नव्या मातीत मळणार.
"नुसती कोरी माती तडकते," बाई म्हणाल्या,
"तिला सोबत लागते
आधी एकदा आगीतून जाऊन आलेल्या कुणाची तरी."

म्हणजे या घागरीत तिच्या आधीची आहे,
तिच्यात तिच्याही आधीची,
पिठाइतकी बारीक.

मला राहवलं नाही. मी सांगितलं,
आमच्या भाषेत पणजीच्या आईला
खापरपणजी म्हणतात.
खापर म्हणजे? त्यांनी विचारलं.
मी डब्याकडे बोट केलं.
बाई इतक्या हसल्या की दात सावरावे लागले.
"मग तुमची भाषा
मातीत हात असलेल्या बाईनेच केली."

मारलिता भांडी करत नाही.
आल्बुकर्कीच्या भंगारातून गाड्यांची बॉनेटं आणते,
त्यांवर स्प्रेने रेघा ओढते,
या टोकापासून त्या टोकापर्यंत पाऊस.
गॅलरीवाले विचारतात, परंपरेचा प्रभाव किती?
ती म्हणते, सहा वर्षांची असताना
आजीने युक्काची पात चावायला दिली,
तंतू सुटून कुंचला होईपर्यंत चाव म्हणाली.
हिरवा कडवटपणा अजून जिभेखाली आहे.
किती ते मोजता येत नाही.

पहिलं बॉनेट अंगणात उतरवलं तेव्हा
बाई त्याच्याभोवती फिरून आल्या.
वाकून, अर्थातच, खालून हात फिरवला.
"पट्टा पुरता जोडून टाकलास.
बाहेर पडायला वाट ठेवायची असते."
"ठेवलीय ना. तिथे गंज लागलाय,
दोन वर्षांत आरपार जाईल."
बाई दोन दिवस बोलल्या नाहीत.
तिसऱ्या दिवशी, भाकरी मोडता मोडता:
"चालेल."

संध्याकाळी निघताना
मारलिताने वहीत सही केली.
शाई फासली,
डाव्या हाताखाली फासते तशी.
तिने पाहिलं, मी पाहिलं,
बाई केव्हाच गाडीत जाऊन बसल्या होत्या.

चिठ्ठी बदलायला समितीची परवानगी लागते.
अर्ज केला आहे.
तोवर पेन्सिलीने,
खोडता येईल इतक्या हलक्या हाताने,
'अज्ञात'च्या शेजारी लिहून ठेवलंय:
डावखुरी. घाईत.
मूल रडत होतं, बहुधा.